सर म्हणतात, फोटो स्वच्छ पाहिजे

पत्र

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. वय 26. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे डीआर पॅनल आलं, म्हणजे फिल्मऐवजी फोटो थेट कॉम्प्युटरवर दाखवणारं. रेडिऑलॉजिस्ट सर संध्याकाळी येऊन दिवसभराचे फोटो वाचतात; तातडीचा असेल तर मी स्क्रीनचा फोटो काढून त्यांना मोबाइलवर पाठवते. "दाणे दाणे दिसतायत, स्वच्छ काढत जा," हे मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकायचे. आधीचे सिनियर दादा सोडून जाताना म्हणाले होते, "डिजिटल आहे, जास्त दिलंस तर कुणी विचारत नाही, कमी दिलंस तर बोलणी बसतात." मग मी हळूहळू एमएएस, म्हणजे सोडायच्या किरणांची मात्रा, वाढवत गेले. बोलणी थांबली. मागच्या महिन्यात चार वर्षांच्या मुलाचा छातीचा फोटो काढताना त्याची आई म्हणाली, "किती रेडिएशन जातं हो ह्याला?" मी म्हटलं, "काही नाही हो." नंतर जुन्या नोंदी उघडून बघितल्या, तर वर्षभरापूर्वी तेवढ्याच अंगाच्या मुलाला देत होते त्याच्या दुपटीहून जास्त दिलं होतं. चित्र चांगलं हवं की डोस कमी हवा? ह्या दोघांत मी काय निवडायचं?

उत्तर

तुझ्या दादांचा तो कानमंत्र मी चांगला ओळखते. सांगायला लाज वाटते, पण मी स्वतः तो दोन-तीन नव्या मुलांच्या कानात सांगितलेला आहे.

आमच्या इस्पितळात सीआर (फिल्मच्या जागी प्लेट, तिच्यावरचं चित्र कॉम्प्युटर वाचतो) आलं तेव्हाची गोष्ट. त्याआधी आम्ही वर्षानुवर्षं फिल्मवर. डार्क रूम, डेव्हलपर, फिक्सर, हँगरला टांगलेल्या ओल्या फिल्मा आणि घरी गेल्यावरही हाताला येणारा तो आंबट वास. फिल्म मोठी फटकळ होती. जास्त एक्स्पोजर दिलं की काळीकुट्ट, कमी दिलं की पांढरीफटक. दोन्हीकडची चूक लगेच तोंडावर फेकायची. सीआर आलं आणि ही फटकळ बाई घरातून गेली. आता दुप्पट दिलं तरी कॉम्प्युटर काळेपणा आपला आपण जुळवून घेतो, वर चित्र आणखी गुळगुळीत दिसतं. कमी दिलं तर मात्र दाणे उठतात. चूक एकाच बाजूची दिसायला लागली तर माणूस दुसऱ्या बाजूला सरकत जाणारच. दोन वर्षांत आमचा चेस्टचा एमएएस जवळजवळ दुप्पट झाला होता, आणि तो वाढवायचा असं कुणीही ठरवलेलं नव्हतं. ह्याला 'डोस क्रीप' म्हणतात, म्हणजे रांगत रांगत चढलेला डोस. जगभरच्या विभागांत हे झालंय. तेव्हा स्वतःला गुन्हेगार समजू नकोस. (मीही समजत नाही. कधीतरी रात्री समजते.)

आता तुझा प्रश्न. चित्र की डोस, असा तो तागडीत घालून मला सोडवता येणार नाही, कारण "स्वच्छ दिसत नाही" ही एक तक्रार नाहीच. पोटात दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर कुठे, कसं, केव्हापासून विचारतात ना, तसं इथे विचारायला हवं. त्यात तीन-चार निरनिराळी दुखणी आहेत आणि एमएएस हे त्यातल्या एकाच दुखण्यावरचं औषध आहे. तू ते सगळ्यांवर देत होतीस.

आधी ते एक दुखणं घेऊ, दाण्यांचं.

वळवाच्या पावसाची सुरुवात आठव. कोरड्या अंगणात एक वाटी पालथी घालून ठेव आणि पहिले दहा-बारा थेंब पडले की उचल. वाटी कुठे होती ते जमिनीकडे बघून ओळखता येतं? नाही, कारण थेंब न पडलेल्या जागा सगळीकडेच आहेत. हजारो थेंब पडू दे, मग उचल; आता कोरडा गोल लख्ख दिसतो. वाटीच्या जागी रुपयाचं नाणं ठेवलंस तर आणखी पाऊस पडू द्यावा लागेल. पॅनलवर पोचणारे एक्स-रेचे कण असेच पडतात. कुठला कुठे पडेल ह्याला नियम नाही, फक्त सरासरी आहे. तुझे ते 'दाणे' म्हणजे पावसाचा हा विस्कळीतपणा. मशीन बिघडलेलं नसतं. थेंब कमी पडलेले असतात.

त्यात शरीरातली गाठ काही वाटीसारखी सगळे थेंब अडवत नाही. समज, शंभरातले पाच अडवते. अंगणाच्या एका चौकोनावर सरासरी 100 थेंब पडत असतील तर नुसत्या योगायोगाने त्यात दहाएक इकडेतिकडे होतात. त्या दहाच्या गोंधळात पाचांची तूट कशी कळणार? तेच 10000 थेंब पडले तर गोंधळ शंभराचा आणि तूट पाचशेची. आता कळते. अमेरिकेत आरसीए कंपनीत टीव्हीच्या कॅमेऱ्याच्या नळ्यांवर काम करणारे अल्बर्ट रोझ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. माणसाच्या डोळ्याची क्षमता मोजताना 1948 साली त्यांनी मांडलेला ठोकताळा आजही वापरतात: फरक हा गोंधळाच्या साधारण पाचपट असेल, तर डोळा खात्रीने सांगतो की इथे काहीतरी आहे. वरच्या उदाहरणात पाचशे आणि शंभर मी उगाच घेतले नव्हते.

ह्या हिशोबातली खोच बघ. थेंब शंभरपट झाले तेव्हा गोंधळाचा वाटा दहापटच कमी झाला. म्हणजे दाणे निम्मे करायचे तर एमएएस चौपट. तू दुप्पट केलास तेव्हा पेशंटच्या अंगावर शंभर टक्के वाढवलंस आणि डोळ्याला मिळालं त्याच्या निम्म्याहून कमी. हा सौदा कधीकधी करावाच लागतो. गाठ बारीक आणि फिकी असेल तर थेंब लागतातच. तिथे कंजुषी केली, निदान हुकलं, तर दिलेला सगळाच डोस पाण्यात. म्हणून तुझे सर अगदीच चूक आहेत असं मी म्हणणार नाही. पण हाताचं हाड जुळून आलं का, पोराने गिळलेलं नाणं कुठवर पोचलं, पाठीचा बाक किती अंशाचा आहे, ह्या प्रश्नांना भरपूर फरकाच्या मोठ्या वस्तू बघायच्या असतात. तिथे दाणेदार चित्र दिसायला कुरूप असेल, पण उत्तर पूर्ण देतं. डोळ्याला गुळगुळीत चित्र आवडतं ही डोळ्याची हौस झाली. हौसेचं बिल पेशंटने का भरायचं?

आता दुसरं दुखणं, आणि छातीच्या फोटोत हेच जास्त असतं. अंगणावर आधीच शेवग्याची सावली पसरलेली आहे असं समज. आता कितीही पाऊस पाड, फांद्यांच्या त्या जाळीत नाण्याएवढा कोरडा गोल डोळ्यात भरत नाही. बरगड्या, रक्तवाहिन्या, गळपट्टीचं हाड, हृदयाची कड: ही छातीतली सावली. फुप्फुसातली लहान गाठ बहुतेक वेळा दाण्यांत हरवत नाही, ह्या सावल्यांत हरवते. हे प्रयोगांनी नीट दाखवलेलं आहे. इथे एमएएस वाढवून बरगड्याही तितक्याच ठसठशीत होतात. उपयोग होतो तो दुसऱ्या कोनातून काढलेल्या फोटोचा, पूर्ण श्वास भरून घेतलेल्या छातीचा, खांदे पुढे करून बाजूला काढलेल्या फऱ्याच्या हाडांचा आणि सगळ्यात जास्त, पेशंटने पिशवीतून आणलेल्या मागच्या वर्षीच्या फोटोचा. ती पिशवी आपण टेबलाखाली ठेवायला सांगतो. पुढच्या वेळी उघडायला लाव.

आणि दिसूनही 'न दिसण्याचा' प्रकार वेगळाच. अमेरिकेतले रेडिऑलॉजिस्ट हॅरोल्ड कुंडेल ह्यांनी फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांची नजर कुठे कुठे फिरते ते यंत्राने टिपलं. ज्या गाठी हुकल्या, त्यांतल्या पुष्कळ गाठींवर नजर जाऊन, चांगली थांबूनही आली होती. डोळ्याने बघितलं, मनाने "काही नाही" म्हणून सोडून दिलं. ह्यावर टेक्निशियनकडे एकच उपाय आहे आणि तो फुकट आहे: मागणीच्या चिठ्ठीवर 'चेस्ट पीए' (छातीचा सरळ फोटो) एवढंच न लिहिता 'तीन आठवडे खोकला, उजवीकडे वर दुखतं' असं लिहून घेणं. कुठे आणि काय शोधायचं हे माहीत असलं की वाचणाऱ्याची नजर तिथे जास्त रेंगाळते.

तिसरं दुखणं बघण्याच्या जागेचं. इथे मला थोडं जुनं उकरावंसं वाटतं.

आमच्या शिक्षकांच्या कपाटात एक लाल काचांचा चष्मा होता. पूर्वी स्क्रीनिंग, म्हणजे बेरियम पाजून जठर हलताना बघायचं ते, उघड्या चमकत्या पडद्यावर चालायचं. पडदा इतका मंद की उजेडातून आलेल्या डॉक्टरला काहीच दिसायचं नाही. इतक्या अंधारात डोळ्यातल्या बारीक तपशील दाखवणाऱ्या शंक्वाकार पेशी कामाला येत नाहीत. दंडाकार पेशी येतात, आणि त्यांनाही पूर्ण जागं व्हायला वीस-तीस मिनिटं अंधार लागतो. लाल उजेडाने मात्र त्या फारशा बिचकत नाहीत, म्हणून 1916 साली ट्रेंडेलेनबुर्ग ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी लाल चष्म्याची युक्ती काढली: डॉक्टर चष्मा लावून उजेडात आपली कामं करणार आणि अंधाऱ्या खोलीत शिरताना काढणार. विचार कर, दुसरा सोपा मार्ग होता की. पेशंटवर आणखी मारा करून पडदा उजळायचा. शहाण्या डॉक्टरांनी त्याऐवजी स्वतःचे डोळे तयार केले.

पुढे 1941 साली फिलाडेल्फियाच्या डॉ. एडवर्ड चेंबरलेन ह्यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात सांगितलं की ह्या मंद पडद्यामुळे आपण अधू नजरेने बघतोय, प्रतिमा उजळणारं यंत्र पाहिजे. 1948 मध्ये वेस्टिंगहाउसच्या जॉन कोल्टमन ह्यांनी तशी नळी करून दाखवली. सगळ्यांना वाटलं, आता डोस कितीही कमी करता येईल. तसं झालं नाही. उजेड वाढवला म्हणून पडलेले थेंब वाढत नाहीत. पाऊस कमी असेल तर उजळलेल्या पडद्यावर दाणेच उजळून दिसतात. अंधुक दिसणं आणि दाणेदार दिसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत हे तेव्हा लोकांना कळलं. आपल्याकडे रोजच्या बोलण्यात ती अजून एकच आहेत.

आता तुझ्या दवाखान्याकडे ये. सर दुचाकीवरून उन्हातून येतात का? वाचायच्या खोलीत डोक्यावर ट्यूब चालू, मॉनिटरसमोर खिडकी, आणि मॉनिटर बिलिंगचा असतो तसला साधा? ट्यूबचं प्रतिबिंब काचेत पडलं की चित्रातल्या गडद करड्या छटांमधले फरक डोळ्याला कळतच नाहीत. एमएएस वाढवून तू ती ट्यूब बंद करू शकत नाहीस. बटणाने करू शकतेस. अगदी काळोखही नको, संधिप्रकाशाएवढा मंद उजेड पुरतो.

आणि मोबाइल! ह्याबद्दल बोलायला मला वेगळा लेख लागेल. स्क्रीनचा मोबाइलने फोटो, त्यावर स्क्रीनच्या जाळीचे तरंग, मग पाठवताना व्हॉट्सअॅपने दाबून लहान केलेलं चित्र, आणि सर ते बसस्टँडवर उभे राहून बघणार. त्यात दिसलेल्या दाण्यांसाठी उद्याच्या पेशंटला जास्त डोस द्यायचा? तुला बसलेल्या बोलण्यांपैकी किती मोबाइलवरच्या फोटोंना बसली, ते आठवून बघ. पाठवायचंच असेल तर सॉफ्टवेअरमधून थेट चित्र काढून घे आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे ते दाबलं जात नाही. पेशंटचं नाव झाकायला विसरू नकोस. अंतिम वाचन मात्र मॉनिटरवरच.

एक लहान चौथं कारणही तपास: चित्रावरची प्रक्रिया. मेनूतून 'पीडियाट्रिक चेस्ट'च्या जागी मोठ्यांचा चेस्ट निवडला जात असेल, किंवा कडा ठसठशीत करणारी सेटिंग इंजिनिअरने जाताना चढवून ठेवली असेल, तर दाणेही ठसठशीत होतात. ह्यात एक्स्पोजरचा काही दोष नाही.

पोरांच्या बाबतीत मी कडक आहे. त्यांच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढे आयुष्य लांब पडलेलं असतं, म्हणून तोच डोस त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त जोखमीचा. बारीक अंगाच्या मुलाला ग्रिड (विखुरलेले किरण गाळणारी जाळी) काढून टाक; ग्रिड थेंब खाते आणि ती भरपाई मुलाच्या अंगावरून होते. चार वर्षांच्या छातीला तिची गरज नसते. कोलिमेटर, म्हणजे किरणांची चौकट लहान-मोठी करणारा भाग, आवळ. सबंध पोट उघडं ठेवून नंतर कॉम्प्युटरवर कडा कापायच्या, ही डिजिटलने लावलेली वाईट खोड आहे. कागदावर चौकट नीट दिसते, पण पोटाने डोस खाल्लेला असतो. शिवाय क्षेत्र लहान केलं की विखुरलेले किरण कमी होतात आणि चित्रही उठावदार येतं, म्हणजे इथे चित्र आणि डोस दोन्ही एकाच बाजूला आहेत. वेळ कमीत कमी ठेव, कारण पोर हललं की पुन्हा फोटो. मूल धरायला आई थांबली तर ती गरोदर नाही ना हे विचारून तिला अॅप्रन दे, हात किरणांच्या चौकटीबाहेर.

आकड्यांनी घाबरू नकोस, पण ते माहीत असू देत. मोठ्या माणसाच्या छातीचा एक सरळ फोटो साधारण 0.02 मिलिसीव्हर्ट (हे अंगाला लागणाऱ्या डोसचं माप). माती, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे चेस्ट म्हणजे तीन दिवसांचं जगणं, दुप्पट झालं तर सहा दिवसांचं. त्या मुलाचं तू काही वाटोळं केलेलं नाहीस. कंबरेच्या मणक्याच्या तपासणीला मात्र 1.5 मिलिसीव्हर्टच्या आसपास लागतात, सात-आठ महिन्यांचे. एमएएस उतरवायची सुरुवात चेस्टपासून करू नकोस. एलएस स्पाइन (कंबरेचा मणका), केयूबी (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचं पोट), पेल्व्हिस (कंबरेचं हाड) आणि सगळी लहान मुलं, ह्यांच्यापासून कर. तिथे तुझ्या मेहनतीला मोल जास्त.

आता सरांशी बोलायचं कसं? "सर, तुमच्यामुळे डोस वाढला" असं म्हणालीस तर संपलंच. तुझ्या कन्सोलवर प्रत्येक फोटोशेजारी ईआय (पॅनलवर किती किरण पोचले) आणि बहुधा डीआय (ठरवलेल्या मात्रेपेक्षा ते किती कमी-जास्त) असे आकडे येतात. 2008 साली ह्या आकड्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, तोवर प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती. एका कंपनीत तर आकडा उलटा चालायचा, डोस वाढला की आकडा खाली. डीआय शून्य म्हणजे ठरवल्याबरहुकूम, +3 म्हणजे दुप्पट, −3 म्हणजे निम्मा. हा शून्य कुठे धरायचा ते विभागाने ठरवायचं असतं. बऱ्याच ठिकाणी तो इंजिनिअरने बसवून दिला तिथेच राहतो. त्याचा तक्ता करून भिंतीवर लाव.

मग दीड वर्षातले जुने फोटो उघड. एकाच प्रकारचे, सारख्या अंगाचे, वीसएक. काही कमी डीआयचे, काही जास्तीचे. नाव आणि आकडे झाकून, उलटसुलट क्रमाने, मंद उजेडात सरांना दाखव, आणि "कुठला छान?" असं विचारू नकोस. "ह्यावर रिपोर्ट देता येईल का?" एवढंच विचार. छान कुठला म्हटलं तर डोळा गुळगुळीतच निवडणार. नंतर आकडे उघडून दोघांनी मिळून बघा की किती खालपर्यंत सर बिनदिक्कत 'हो' म्हणत होते. तुलनेसाठी पेशंटवर एकही नवा फोटो काढायचा नाही, हे तुला सांगायला नको. माझा अनुभव असा की ह्या खेळात डॉक्टर चिडत नाहीत, रमतात, हरले तरी. आमच्या सरांनी तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून ट्यूब बंद केली होती.

ठरलेला आकडा लिहून काढा आणि त्यावर सरांची सही घे. नोंदणीच्या वेळी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून ज्यांचं नाव दिलंय त्यांनाही दाखव. ते बहुधा सरच असतील, तर एका सहीत काम होईल. एकदम निम्म्यावर उतरू नकोस, पायरी पायरीने उतर आणि दर पायरीला आठवडाभर रिपीट किती होतात ते मोज. रिपीट वाढले तर एक पायरी वर ये. कमी दिलेला आणि पुन्हा काढलेला फोटो हा सगळ्यांत महाग फोटो.

राहिली ती आई. पुन्हा कुणी विचारलं तर "काही नाही हो" नको. "थोडं जातं. आपल्याला निसर्गातून काही दिवसांत जेवढं मिळतं साधारण तेवढं. डॉक्टरांना जे बघायचंय त्याला लागेल तेवढंच मी देते, आणि तो हलला नाही तर दुसऱ्यांदा काढावा लागणार नाही, तेवढं डोकं धरा," असं सांग. पहिली दोन वाक्यं तू आजही म्हणू शकतेस. तिसऱ्यासाठी तो तक्ता आधी लाव.